विंडोज ९८ इम्युलेटरमध्ये बसवताना: किती मेमरी, केवढी डिस्क, आणि नेमकं अडतं कुठे?

कोरी_पाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती, म्हणजे १९९९ची ४.१०.२२२२ ए, आजच्या संगणकावर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुना संगणक सॉफ्टवेअरने उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवायची आहे. मूळ सीडी आणि परवान्याची की आहे. त्यावर चालवायचंय ते असं: एक १६ बिटी शब्दकोश, डॉसचे दोन-तीन खेळ, आणि एक विंडोजचा खेळ ज्याचं संगीत थेट सीडीवरून वाजतं.

आराखडा असा आहे: मेमरी २ जीबी, डिस्क १०० जीबी, प्रोसेसरचे दोन कोर, सीडीची आयएसओ (एका फाईलीतली प्रत) आणि तिच्यावरूनच थेट सेटअप.

प्रश्न तीन. हे आकडे बरोबर आहेत का? इम्युलेटर कुठला घ्यावा? आणि बसवताना हमखास अडायच्या जागा कुठल्या?

---

सेक्टर_शून्य

आराखड्यातला एकेक आकडा खाली आणा. ९८ला जास्त दिलं की ते बिघडतं, हे एकदा मनात पक्कं केलं की निम्मा त्रास वाचतो.

मेमरी: ५१२ एमबीच्या वर गेलात की व्हीकॅश, म्हणजे फाईलींचा कॅश सांभाळणारा भाग, स्वतःसाठी इतके पत्ते राखून ठेवतो की बाकीच्या सिस्टीमला जागाच उरत नाही. मग मेमरी ढीगभर असूनही "मेमरी अपुरी आहे" असा संदेश येतो किंवा डॉसची खिडकीच उघडत नाही. सिस्टम.आयएनआयमध्ये व्हीकॅश विभागात मॅक्सफाईलकॅशला मर्यादा घालून हे सुटतं, पण मुळात गरजच काय? मायक्रोसॉफ्टने ९८साठी किमान १६ एमबी सांगितली होती. ६४ पुरते, १२८ म्हणजे चंगळ.

डिस्क: ६४ जीबीच्या वरची डिस्क सीडीवरचं एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग पाडणारं साधन, चुकीच्या आकाराची दाखवतं, एकूणातून ६४ वजा करून. तुमचे १०० जीबी त्याला ३६च्या आसपास दिसतील. १३७ जीबीच्या पुढे तर ९८चा स्वतःचा आयडीई ड्रायव्हरच पोचत नाही, आणि तिथे लिहायला गेला की सुरुवातीचा डेटा पुसतो. ४ जीबी घ्या. ८ जीबीपर्यंत फॅट३२ या फाईलपद्धतीचा क्लस्टर, म्हणजे फाईलीला मिळणारा जागेचा किमान तुकडा, ४ केबीचा राहतो, शिवाय जुन्या बायोसची ८.४ जीबीची मर्यादाही आड येत नाही.

कोर: ९८ला एकच प्रोसेसर कळतो. दुसरा दिला तरी तो नुसता बसून राहील.

---

जुनाबोर्ड

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: ८६बॉक्स.

कारण असं की ते संगणक पूर्ण उभा करतं. बोर्ड, चिपसेट, बायोस, ग्राफिक्स कार्ड, सगळं त्या काळातलं. ९८च्या दृष्टीने तो खराच १९९७चा संगणक असतो, आणि बहुतेक सुट्या भागांचे ड्रायव्हर सीडीवरच असतात. जुळणी अशी ठेवा:

बोर्ड: सॉकेट ७, इंटेल ४३०व्हीएक्स चिपसेटवाला कुठलाही
प्रोसेसर: पेंटियम एमएमएक्स १६६, डायनॅमिक रीकम्पायलर चालू
मेमरी: ६४ एमबी
ग्राफिक्स: एस३ ट्रायो६४ किंवा एस३ व्हर्ज
आवाज: साउंड ब्लास्टर १६
नेटवर्क: एएमडी पीसीनेट, पीसीआय
हार्ड डिस्क: आयडीई पहिल्या चॅनलवर मास्टर
सीडी ड्राइव्ह: आयडीई दुसऱ्या चॅनलवर मास्टर

बोर्डांच्या यादीत काहीच दिसत नसेल तर गोंधळू नका. रॉमचा संच वेगळा ठेवावा लागतो. ज्या बोर्डाची रॉम सापडत नाही तो बोर्ड यादीत येतच नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर सीमॉस चेकसमची चूक दाखवेल. ती यायचीच, कारण बॅटरीवरची मेमरी कोरी आहे. बायोसमध्ये जा, तारीख-वेळ लावा, हार्ड डिस्क ऑटो डिटेक्ट करा. तिथे नॉर्मल, लार्ज आणि एलबीए असे तीन पर्याय दिसतील. एलबीएच घ्या, जतन करून बाहेर पडा, आणि पुन्हा त्याला हात लावू नका. एका पद्धतीने विभागलेली डिस्क दुसऱ्या पद्धतीने वाचायला गेलात तर सेक्टरांचे पत्ते बदलतात आणि चांगली बसलेली विंडोज उठायचं नाव घेत नाही.

---

मधली_सुट्टी

+१ ८६बॉक्स. वाचनखूण साठवली.

---

दीपमाळ

थोडी असहमती नोंदवते. ८६बॉक्स अचूक आहे यात वाद नाही, पण तो प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये वठवतो, आणि प्रोसेसरचं मुख्य काम तुमच्या एकाच कोरवर पडतं. त्यामुळे संगणकाला किती कोर आहेत यापेक्षा एक कोर किती वेगवान आहे हेच महत्त्वाचं. साध्या लॅपटॉपवर पेंटियम २ निवडलात की खिडकीच्या वरच्या पट्टीतला वेगाचा टक्का १००च्या खाली येतो आणि आवाज तुटायला लागतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रोसेसर तुमचाच वापरला जातो, त्यामुळे वेग भरपूर. विंडोज ९८साठी त्याचे गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे आतल्या सिस्टीमसाठीचे ड्रायव्हर, नाहीत हे खरं, म्हणून नुसतं बसवलं की ६४० गुणिले ४८० आणि १६ रंगांवर अडकतं. पण आता सॉफ्टजीपीयू नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे, त्रिमितीसुद्धा देतो. चिपसेट पीआयआयएक्स३, एक कोर, २५६ एमबी, नेटवर्कला पीसीनेट, आणि माउस पीएस/२. यूएसबी टॅबलेट ठेवलात तर बाण जागचा हलणार नाही.

---

सेक्टर_शून्य

@दीपमाळ ताई, मुद्दा मान्य, पण एक अट राहिली. नव्या प्रोसेसरवर, एएमडीच्या झेन २पासून पुढे आणि इंटेलच्याही अलीकडच्या पिढ्यांवर, ९८ व्हर्च्युअल मशीनमध्ये धड चालत नाही. सेटअप मध्येच कोसळतं, किंवा बसतं आणि मग कुठलाही प्रोग्रॅम उघडला की "बेकायदेशीर क्रिया" म्हणून बंद पडतो.

दोष ९८चाच आहे. मेमरीची पानं बदलल्यावर प्रोसेसरच्या टीएलबीतली (पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या साठ्यातली) जुनी नोंद रद्द करायची असते. ९८ ते काही ठिकाणी करत नाही. जुन्या प्रोसेसरांत ती नोंद आपोआप लवकर निघून जायची म्हणून कुणाला कळलं नाही. नवे प्रोसेसर ती जपून ठेवतात, आणि ९८ भलत्याच पानावर जातं.

इलाज: पॅचर९एक्स. फ्लॉपी इमेज म्हणून मिळतं. तिच्यावरून मशीन सुरू करायचं आणि सेटअपच्या कॅब फाईलींची (ज्यांत विंडोज दाबून भरलेली असते) फोल्डर किंवा बसलेल्या विंडोजची फोल्डर दाखवायची. सेटअप चालवायच्या आधीच कॅबना लावलं तर मधला सगळा त्रास टळतो.

८६बॉक्समध्ये याची गरज नाही. तिथे टीएलबीसुद्धा खोटीच आहे, तुमच्या प्रोसेसरशी तिचा संबंध येत नाही.

---

दीपमाळ

बरोबर, ती अट मूळ प्रतिसादात यायला हवी होती. पॅचर९एक्स न लावता नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स नको. आधी लोक हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन बंद करून वेळ मारून नेत, पण ६.१पासून ती सोय काढून टाकली आहे. जुन्या लेखांत ती टीप अजून दिसते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

---

कॅबफाईल

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. बसवण्याचा क्रम लिहितो, कारण "सीडी घाल आणि एंटर मारत राहा" यातच बहुतेकांचं फसतं.

१. बूट फ्लॉपीची इमेज लावा. तिचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट असला पाहिजे. वेगळा असेल तर ती दाबलेली किंवा वर शीर्षक चिकटवलेली इमेज आहे, सगळीकडे चालेलच असं नाही. मेनूत "सीडी-रॉमसह" हा पर्याय घ्या.

२. एफडिस्क. मोठ्या डिस्कचा आधार हवा का असं पहिल्याच पडद्यावर विचारतं. तिथे वाय. एन दिलंत तर फॅट१६ होईल, २ जीबीच्या वर जाता येणार नाही आणि पूर्ण २ जीबीचा भाग केलात तर क्लस्टर ३२ केबीचा होईल. म्हणजे १ केबीची फाईल ठेवली तरी ३२ केबी जागा गेली.

मग १, पुन्हा १, आणि सगळी जागा द्यायची का याला वाय. इथे एक बारकी गोष्ट: सगळी जागा दिलीत तर तो भाग आपोआप सक्रिय होतो. थोडी जागा राखून आकडा टाकलात तर सक्रिय होत नाही, मेनूतल्या २ क्रमांकाने तो स्वतः सक्रिय करावा लागतो. हे राहिलं की सेटअपने फाईली टाकून मशीन पुन्हा सुरू केल्यावर डिस्कवरून काही उठत नाही, आणि माणूस बायोसमध्ये चूक शोधत बसतो.

३. मशीन रीस्टार्ट. एफडिस्कनंतर रीस्टार्ट न करता फॉरमॅटला जाऊ नका, नवा विभाग डॉसला अजून दिसलेला नसतो.

४. फॉरमॅट सी: /एस

५. सेटअप सीडीवरून चालवू नका. आधी विन९८ फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या:

एमडी सी:\विन९८
ई:\विन९८\स्मार्टड्राइव्ह
कॉपी ई:\विन९८\*.* सी:\विन९८

प्रोग्रॅमचं खरं नाव आठ अक्षरांत बसवलेलं आहे, पूर्ण "ड्राइव्ह" नाही, शेवटी नुसती डीआरव्ही ही तीन अक्षरं. फ्लॉपीवर एक्सकॉपी नसते, म्हणून साधी कॉपी. सगळं मिळून २०० एमबीच्या आत आहे.

६. सी:\विन९८मध्ये जाऊन: सेटअप /आयएस /आयएम. पहिला स्कॅनडिस्क वगळतो, दुसरा मेमरीची तपासणी.

स्मार्टड्राइव्ह, म्हणजे डॉसचा डिस्क-कॅश, विसरू नका. डॉसमधून सेटअप एकेक लहान फाईल लिहितं, कॅश नसेल तर त्यात तिप्पट-चौपट वेळ सहज जातो.

---

पाऊलवाट

छान लिहिलंय. शंका: सीडी ई: कशी? एकच हार्ड डिस्क आहे ना? बरेच लोक डी:\सेटअप देतात आणि "बॅड कमांड ऑर फाइल नेम" येतं म्हणून सीडी खराब ठरवतात.

---

कॅबफाईल

@पाऊलवाट, चांगला प्रश्न. ही फ्लॉपी सुरू होताना मेमरीत २ एमबीची रॅम ड्राइव्ह तयार करते आणि फॉरमॅटसारखी साधनं तिच्यात उलगडून ठेवते, कारण फ्लॉपीवर ती मावत नाहीत. हार्ड डिस्कच्या लगेच पुढचं अक्षर ही रॅम ड्राइव्ह घेते. डिस्क कोरी असताना रॅम ड्राइव्ह सी: आणि सीडी डी:. विभाग पाडून रीस्टार्ट केलं की डिस्क सी:, रॅम ड्राइव्ह डी:, सीडी ई:. म्हणजे एकाच बसवणीत सीडीचं अक्षर मध्येच बदलतं. पडद्यावर शेवटी ते लिहिलेलं असतं, फक्त लगेच वर सरकून जातं.

---

अवलिया_०४

पाचव्या पायरीबद्दल विचारतो. कॅब डिस्कवर घ्यायचं कारण फक्त वेग आहे का? मग आयएसओवरून चालवलं तरी काय बिघडलं?

---

जुनाबोर्ड

वेग हे दुय्यम कारण. मुख्य कारण दुसऱ्या टप्प्यात कळतं.

सेटअप फाईली टाकून रीस्टार्ट होतं, परवान्याची की विचारून घेतं, आणि मग सुटे भाग ओळखायला लागतं. या टप्प्यात डॉसचा सीडी ड्रायव्हर गेलेला असतो आणि विंडोजचा आयडीई ड्रायव्हर कधी अजून बसलेला नसतो. नेमकं तेव्हा ते म्हणतं, "सीडी घाला". सीडी आहे, पण विंडोजला ती दिसतच नाही. मग लोक वगळा-वगळा करत पुढे जातात आणि अर्धेमुर्धे ड्रायव्हर बसतात. कॅब सी:वर असल्या की हा प्रश्नच येत नाही. शिवाय सेटअप जिथून चालवलं तो मार्ग रजिस्ट्रीत लिहून ठेवला जातो, त्यामुळे पुढे नवीन कार्ड जोडलं तरी ९८ आपलं आपण तिथूनच फाईली उचलतं.

---

पाऊलवाट

आणि ओळख चालू असताना पट्टी थांबलीच तर? किती वेळ वाट बघायची?

---

सेक्टर_शून्य

पट्टी हलत नाही आणि डिस्कचा दिवाही लुकलुकत नाही असं पाच मिनिटं झालं, तर मशीन बंद करून चालू करा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नको, रीसेटही नको, थेट पॉवर बंद.

आतली गंमत अशी: ओळखीच्या प्रत्येक पायरीआधी सेटअप डेटक्रॅश.लॉगमध्ये खूण करतं. पुढच्या वेळी ती खूण सापडली की "मागच्या वेळी इथे अडलो होतो" हे त्याला कळतं आणि तेवढी पायरी वगळून पुढे जातं. पॉवर बंद करायची ती यासाठी की अडकवणारं कार्डही पूर्ण मूळ स्थितीत यायला हवं. एकाहून जास्त पायऱ्या अडल्या तर तेवढ्या वेळा बंद-चालू करावं लागतं. वैतागून सगळं पुसू नका आणि मधेच ती फाईलही उडवू नका. काय सापडलं हे वाचायचं असेल तर डेटलॉग.टीएक्सटी साधी मजकुराची फाईल आहे.

---

बिनतारी

क्यूएमयू हा आणखी एक इम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी अडायची एक खास जागा सांगतो, कारण वर कुणी लिहिलेली नाही.

क्यूएमयूत ९८ सुरळीत बसतं, डेस्कटॉप येतो, आणि मग ग्राफिक्स नाही, नेटवर्क नाही, काहीच नाही. वाटतं ड्रायव्हर हवेत. ड्रायव्हर कितीही घाला, फरक पडत नाही, कारण ९८ला पीसीआय बसच सापडलेली नसते. बसच नाही तर तिच्यावरची कार्डं कुठून दिसणार?

डिव्हाइस मॅनेजर उघडा, सिस्टम डिव्हाइसेसखाली बघा. "प्लग अँड प्ले बायोस" नावाची ओळ पिवळ्या उद्गारचिन्हासह असेल. तिच्यावर अपडेट ड्रायव्हर, मग यादी दाखवा, मग सगळं हार्डवेअर दाखवा, डावीकडे स्टँडर्ड सिस्टम डिव्हाइसेस, उजवीकडे "पीसीआय बस". ९८ म्हणेल की हे तुमच्या हार्डवेअरशी जुळत नाही. हो म्हणा. रीस्टार्ट झाल्यावर एकामागून एक नवीन हार्डवेअरच्या खिडक्या उघडायला लागतील. तीन-चार वेळा रीस्टार्ट मागेल, द्या.

ग्राफिक्सला सिरस निवडलं असेल तर ड्रायव्हर ९८च्या सीडीतच आहे.

---

मधली_सुट्टी

पिवळ्या उद्गारचिन्हाचं मूळ इतक्या खाली असतं हे माहीत नव्हतं. बिनतारी, मनापासून आभार!

---

चंद्रकोर

एक वेगळा विचार मांडतो. १६ बिटी शब्दकोश आणि डॉसचे खेळच असतील तर विंडोज ९५ का नाही? हलकं आहे, ३८६वरही चालायचं.

---

सेक्टर_शून्य

९५ला वेगाचं वेगळं दुखणं आहे. सुरू होताना ते एक रिकामा फेरा ठराविक वेळा फिरवून प्रोसेसरचा वेग मोजतं आणि लागलेल्या वेळाने भागतं. प्रोसेसर फार वेगवान असला की लागलेला वेळ शून्य निघतो. शून्याने भागाकार म्हणजे "विंडोज प्रोटेक्शन एरर". हे पहिल्यांदा एएमडी के६-२च्या ३५० मेगाहर्ट्झला दिसलं, कारण तो प्रोसेसर फेऱ्याची सूचना फार झटकन उरकतो. नेटवर्कच्या एनडीआयएस भागात हाच घोटाळा २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे होतो. फिक्स९५सीपीयू किंवा पॅचर९एक्सने सुटतं.

८६बॉक्समध्ये पेंटियम १३३ दिलात तर काहीच करावं लागत नाही. पण मूळ ९५मध्ये फॅट३२ नाही, ते बी आवृत्तीपासून, १९९६ला आलं. डायरेक्टएक्सही ८.०एवर थांबतं, ९८वर ९.०सीपर्यंत जातं. धागाकर्त्याच्या त्या विंडोज खेळासाठी ९८च बरं.

---

दीपमाळ

अवांतर: इम्युलेटर मुक्त असला म्हणून विंडोज मुक्त होत नाही. ९८चा आधार ११ जुलै २००६ला संपला, हक्क संपलेले नाहीत. धागाकर्त्याकडे सीडी आणि की आहे, उत्तम. ज्यांच्याकडे नाही आणि फक्त डॉसचे खेळ चालवायचे आहेत त्यांनी फ्रीडॉस बसवावं. ते पूर्ण मुक्त आहे आणि वरच्याच एफडिस्क-फॉरमॅटच्या वाटेने जातं.

---

जुनाबोर्ड

सीडीवरच्या संगीताचं कुणी बोललंच नाही, आणि धागाकर्त्याची खरी अडचण तीच ठरणार आहे.

आयएसओत संगीत मावत नाही. आयएसओ म्हणजे फक्त डेटा ट्रॅक, एका सेक्टरला २०४८ बाइट. संगीताचे ट्रॅक हे गाण्यांच्या सीडीसारखे असतात, सेक्टरला २३५२ बाइट, आणि ते डेटा ट्रॅकच्या मागे वेगळे बसलेले असतात. आयएसओ काढली की ते सरळ गळतात. खेळ चालतो, पण मुका. त्यामुळे बिन आणि क्यू अशी जोडी काढा आणि इम्युलेटरला क्यू फाईल दाखवा, बिन नाही. क्यूमध्ये कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडून पाहा: ट्रॅक ०१ डेटा आणि ०२पासून ऑडिओ दिसलं तर प्रत बरोबर. बिनचं नाव बदललंत तर क्यूच्या पहिल्या ओळीतही बदला.

---

कॅबफाईल

जुनाबोर्ड यांना जोडून: डॉसच्या खेळांत आवाजाची निवड विचारली की पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १, आणि १६ बिटीसाठी डीएमए ५. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ब्लास्टरची ओळ हवी: ए२२० आय५ डी१ एच५ टी६. ८६बॉक्सच्या साउंड ब्लास्टरच्या खिडकीत वेगळे आकडे ठेवले असतील तर इथेही तेच. खेळातले आवाज तुटक येतात किंवा पहिला आवाज पुन्हापुन्हा वाजतो, तेव्हा दहातले नऊ वेळा आयआरक्यूचा आकडा चुकलेला असतो.

---

अवलिया_०४

बाहेरून आत फाईली कशा न्यायच्या? ब्राउझरने उतरवता येतील ना?

---

बिनतारी

नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ही ९८वरची त्याची शेवटची आवृत्ती, तिला टीएलएस १.२ येत नाही, म्हणून आजची बहुतेक संकेतस्थळं उघडतच नाहीत. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबून इतकी वर्षं झालेली सिस्टीम इंटरनेटवर उघडी ठेवू नये. स्लर्पवर (इम्युलेटरमधल्या अंतर्गत नेटवर्कवर) नेटवर्क दिलंत तर आतला पत्ता १०.०.२.१५ आणि गेटवे १०.०.२.२ असतो. घरातल्या घरात एफटीपी करायला तेवढं पुरतं.

सोपा मार्ग म्हणजे हव्या त्या फाईलींची आयएसओ करून सीडी म्हणून लावा. ८६बॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत तर अख्खी फोल्डरच सीडी म्हणून लावता येते. डिस्क व्हीएचडी प्रकारात बनवली असेल तर आजच्या विंडोजमध्ये ती थेट उघडतेही, पण इम्युलेटर पूर्ण बंद असताना. दोन्हीकडून एकदम लिहिलं गेलं की फॅटचा तक्ता गेलाच.

---

पाऊलवाट

डिस्क फार सावकाश वाटत असेल तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज, जेनेरिक आयडीई, सेटिंग्ज, तिथे डीएमएची खूण करा. मुळात ती नसते. रीस्टार्टनंतर खूण टिकली तर चालतंय.

---

चंद्रकोर

पुन्हा मूळ प्रश्नाकडे. फक्त तो शब्दकोश रोज लागणार असेल तर त्यासाठी अख्खं ९८ सुरू करायची गरज नाही. ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नसतो, म्हणून तो उघडत नाही. विनईव्हीडीएम, ज्याला ओटीव्हीडीएमही म्हणतात, ते बसवलं की बरेच १६ बिटी विंडोज प्रोग्रॅम सरळ चालतात. आधी ते करून बघा.

---

दीपमाळ

सहमत. शब्दकोश बाहेर, खेळ आत. आणि मग वेगाचा माझा मुद्दाही सैल पडतो, त्या खेळाला पेंटियम १६६ पुरत असेल तर ८६बॉक्सच घ्या. त्रिमिती खेळ असेल तर व्हूडू कार्ड जोडा, एस३ सोबत राहू द्या. पहिलं व्हूडू नुसती त्रिमिती करतं, साधा पडदा दाखवायला दुसरं कार्ड लागतंच.

---

कोरी_पाटी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी सुधारलेला आराखडा इथे ठेवतो:

८६बॉक्स, ४३०व्हीएक्स बोर्ड, पेंटियम एमएमएक्स १६६, मेमरी ६४ एमबी, व्हीएचडी डिस्क ४ जीबी एलबीएमध्ये, फॅट३२. एस३ ट्रायो६४, साउंड ब्लास्टर १६ ला २२०-५-१-५, पीसीनेट. कॅब सी:\विन९८मध्ये घेऊन तिथूनच सेटअप. खेळाची सीडी बिन-क्यू. शब्दकोश ओटीव्हीडीएममध्ये तपासायचा, नाही चालला तरच आत.

एक शेवटचं: सगळं नीट बसल्यावर डिस्कची प्रत ठेवायची ती कधी? खेळ टाकण्याआधी की नंतर?

---

जुनाबोर्ड

आधी. ड्रायव्हर बसले, डीएमए लागलं, उद्गारचिन्ह एकही उरलं नाही, की ९८ स्टार्ट मेनूतून नीट बंद करा आणि तेव्हाची व्हीएचडी फक्त-वाचन करून ठेवा. मग तिच्यावर डिफरन्सिंग व्हीएचडी बनवून खेळ त्या नव्या फाईलवर टाका. बदल फक्त नव्या फाईलीत जातात. काही बिघडलं तर ती फेकायची आणि दुसरी बनवायची, मूळ जशीच्या तशी. मात्र मूळ फाईल नंतर उघडून तिच्यात काही लिहू नका आणि जागाही हलवू नका, नाहीतर तिच्यावर उभ्या केलेल्या सगळ्या फाईली निकामी होतात.